सर्दी झाली की ताकद जाणारा सुपरहिरो, आणि आपला बेळगावचा पाऊस

टिळकवाडीचा मामा
मंडळी, नमस्कार.
गेल्या रविवारी दुपारी पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि ताईच्या मुलाच्या, म्हणजे आमच्या चौथीतल्या भाचेबुवांच्या हातातल्या मोबाइलने मान टाकली होती. असा प्रसंग ओढवला की सगळं घर माझ्याकडे बघतं, कारण कपाट भरून कॉमिक्स साठवणारा बिनकामाचा माणूस मीच. शोधता शोधता हाताला लागला बेनी ब्रेकआयर्न.

नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. स्मर्फ नावाच्या निळ्या बुटक्यांना सगळी दुनिया ओळखते. ते काढणारा पेयो नावाचा बेल्जियन चित्रकार. स्मर्फ आले १९५८ मध्ये. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६० मध्ये, याच पेयोने ‘स्पिरू’ साप्ताहिकात हा पोरगा आणला. मूळ फ्रेंच नाव बेन्वा ब्रिझफेर. फ्रेंचमध्ये ‘ब्रिझफेर’ म्हणजे हात लावेल ते मोडून ठेवणारं कार्टं. पुढे स्मर्फ एवढे चालले की पेयोला या पोराकडे बघायला सवडच मिळेना. इंग्रजीत त्याची पुस्तकं नीट निघाली ती थेट २०१३ पासून. म्हणजे कथेतही याला कोण विचारत नाही आणि कथेबाहेरही नाही.

तर हा बेनी. डोक्यावर बेरे टोपी, गळ्यात मफलर, खाली अर्धी चड्डी. अंगात ताकद अशी की मोटार उचलेल, भिंत फोडून पलीकडे जाईल, घराच्या छपरावरून छपरावर उड्या मारेल. पण स्वभावाने अगदी गरीब. मोठ्यांशी अदबीने बोलतो, खोटं बोलत नाही. गावात काहीतरी काळंबेरं चाललंय हे त्याला आधी कळतं. तो जाऊन मोठ्यांना सांगतो. मोठे म्हणतात, ‘बरं बरं, जा खेळ जा.’ आणि जेव्हा खरंच काहीतरी करून दाखवायची वेळ येते तेव्हा याला होते सर्दी. सर्दी झाली की ताकद गुल. नाक मोकळं झालं की परत हजर.

पहिल्या पुस्तकात त्याचा दोस्त एक म्हातारा टॅक्सीवाला आहे. गावात नव्या कोऱ्या लाल टॅक्सी येतात आणि म्हाताऱ्याचा धंदा बसतो. त्या लाल टॅक्सीवाल्यांच्या आडून चोरांचा मोठा डाव चाललेला असतो, आणि तो कळलेला एकटा बेनी. पुढची गोष्ट सांगत नाही, मिळाली तर वाचा.

भाच्याने निम्मं पुस्तक एका दमात ऐकलं. मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, “मामा, ह्यो बेळगावात असता तर जूनपासून गणपतीपर्यंत नुसता पडूनच की गा.”

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. असा पोरगा आपल्याकडे असता तर? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठलाही चालेल. भाचा चित्र काढायला तयार आहे. गोष्टी तुम्ही द्या.

शहापूरकर
काय गा मामा, वर्षातनं एकदा लिहूलास आणि ते पण असलं भारी!
भाचा हुशार आहे. इकडं आठ दिस झाले पाऊस पडूलाय, कपडे वाळंनात, भिंतीला हात लावला तर हात भिजूलाय. असल्या हवेत सुपरहिरोनं काय करायचं? गावावर संकट आलं तर लोक म्हणणार, दसऱ्यानंतर या.

अनगोळची माई
मला आधी एक सांगा, त्या पोराचे आईबाप कुठे असतात? एवढ्या थंडीत अर्धी चड्डी घालून कोण सोडतं पोराला बाहेर? मफलर आहे म्हणता, पण कानावर कोण बांधणार?

आमच्याकडे असता तर त्याची सर्दी दीड दिवसाच्या वर टिकू दिली नसती. सुंठ, मिरी, तुळस, गूळ यांचा काढा. रात्री तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधून छाती शेकायची. पुरचुंडी उशाशी ठेवायची, वास जात राहतो. बाकी ताकद येवो न येवो, झोप तरी लागते.

टिळकवाडीचा मामा
माई, प्रश्न बरोबर आहे. पुस्तकात आईबाप कुठे दिसतच नाहीत. पोर एकटंच घरात असल्यासारखं वावरतं. म्हणून तर गोष्ट चालते. तुमच्यासारखी एक आजी त्या गावात असती तर पहिल्या चार पानांत काढा आणि पाचव्या पानावर चोर तुरुंगात.

निपाणीवाला
लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचून मोठा झालेला माणूस मी, त्यामुळे अर्धी चड्डी आणि सर्दी हे सुपरहिरोचं सामान म्हणून पचवायला वेळ लागला. पण विचार करता करता एक गंमत लक्षात आली.

मुलांचं कॉमिक ‘टिंकल’ आठवतं का? १९८० ला सुरू झालं. संपादक अनंत पै, मूळचे कारकळचे, म्हणजे कर्नाटकचाच माणूस. त्यात १९८३ पासून शिकारी शंभू यायचा. वसंत हळबे चित्रं काढायचे. टोपी डोळ्यांवर ओढलेली, मनातून महाभित्रा. पळता पळता पाय घसरून तो वाघावर पडायचा, वाघ पिंजऱ्यात जायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. शंभूने काहीच केलेलं नसायचं, तरी सगळं श्रेय त्याचं.

हा बेनी म्हणजे बरोब्बर उलटा शंभू. सगळं करतो हा, हार दुसऱ्याच्या गळ्यात. शंभू वाचताना आपण हसतो आणि सोडून देतो. बेनी वाचताना हसतो आणि जरा रागही येतो. आपल्या सगळ्यांच्या घरात असा एक जण असतोच, आणि बहुतेक वेळा तो आपण स्वतः आहोत असं आपल्याला वाटत असतं.

टिळकवाडीचा मामा
व्वा! शंभूचं डोक्यातच आलं नव्हतं.

त्यात अजून एक जोडतो. अमेरिकेत १९४० मध्येच एक पोरगा सुपरहिरो झाला होता. पहिला कॅप्टन मार्व्हल, ज्याला आता शझाम म्हणतात. पण तो मंत्र उच्चारला की मोठा माणूस होतो, उंच, रुंद खांद्यांचा. म्हणजे ताकद हवी तर आधी मोठा हो. पेयोने ती सवलत दिलीच नाही. बेनी ताकद वापरतानाही तेवढाच ठेंगू राहतो. म्हणून तर रस्त्यावरचा पोलीससुद्धा त्याला ‘अरे पोरा, बाजूला हो’ म्हणतो.

पुण्यात अडकलेला बेळगावकर
शांतपणे विचारतो, चिडू नका. लाडू खाऊन ताकद येणारा छोटा भीम २००८ पासून टीव्हीवर आहे. मग बेल्जियमपर्यंत जायची काय गरज?

शहापूरकर
अहो, भीमाला गावात केवढा मान! राजा स्वतः बोलावतो. वर लाडू मिळतात ते वेगळेच. आपल्याला पाहिजे तो पोरगा लाडू चोरला म्हणून मार खाणारा. आणि तो पण दुसऱ्यानं चोरलेला लाडू.

कडोलीकर
या धाग्यात एका जुन्या मुलाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. पूतनेला मारलं, कालियाच्या डोक्यावर नाचला, करंगळीवर गोवर्धन उचलला. आणि गवळणी यशोदेकडे काय घेऊन जातात? दह्याचं मडकं फोडलं, वासरं सोडली, शिंक्यावरचं लोणी खाल्लं. आमच्या लहानपणी भजनात गवळण म्हणायचे तेव्हा म्हातारी माणसं डोलायची, आणि आम्हा पोरांना वाटायचं, एवढं केलं तरी पोराची गाऱ्हाणीच?

कृष्णाचं शिंक्याशी वैर होतं, तुमच्या या मुलाचं शिंकेशी आहे, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे शिंकेला किती अर्थ! बाहेर पडताना कोणी शिंकलं की थांबायचं, पाणी पिऊन निघायचं. बोलता बोलता शिंक आली तर बोललेलं खरं. काम अडलं तर ‘माशी कुठे शिंकली’ म्हणून विचारायचं. फ्रेंच मुलाला नुसती सर्दी होते. मराठी मुलाला सर्दीबरोबर शकुन-अपशकुनही सांभाळावे लागतील. गावावर पूर आलाय, हा निघालाय, आणि आजी म्हणते, “थांब रे, शिंकलं कोणीतरी.” शिंकलेला तोच असतो.

खानापूरची बाई
मी मराठी घरातली, शिकवते कन्नड शाळेत. वर्गात निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी. हा धागा मधल्या सुट्टीत वाचला आणि एकटीच हसत बसले.

सर्दीला कन्नडमध्ये ‘नेगडी’. आणि शिंकेला? ‘सीनु’. आता सांगा, श्रीनिवासला घरी काय म्हणतात? सीनू!

नाव तयार आहे. आपला हिरो सीनू. मराठी माणसाला ते नुसतं लाडाचं नाव वाटेल, कन्नड माणसाला हाक ऐकताच कळेल की या पोराचं दुखणं त्याच्या नावातच आहे. बारशाच्या दिवशीच घोटाळा झालेला. आत्याने कानात ‘श्रीनिवास’ सांगितलं, शेजारच्या अज्जीने ‘सीनू’ म्हणून हाक मारली, आणि बाळ शिंकलं.

टिळकवाडीचा मामा
बाई, दंडवत! भाच्याला वाचून दाखवलं, तो जमिनीवर लोळला. नाव पक्कं.

घटप्रभा
नावावरून आठवलं. त्या बेनीलाही एकच नाव नाही. बेल्जियमच्या फ्रेंच भागात तो बेन्वा ब्रिझफेर, डच बोलणाऱ्या भागात त्याच पोराचं नाव स्टेव्हन स्टेर्क. कपडे तेच, सर्दी तीच, गाव बदललं की नाव बदललं. आपण बेळगाव की बेळगावी की बेलगाम यावर चहा थंड करतो, तसंच.

आणि ही साधी जुळणी नाही. तिकडे १९६२ मध्ये कायद्याने भाषेची सीमारेषा आखली, ६३ पासून लागू झाली. फुरोन नावाचा सहा गावांचा पट्टा एका प्रांतातून उचलून दुसऱ्यात टाकला. गावकरी म्हणाले, आम्हाला विचारलं का? पुढे तिथल्या महापौराने डच येतं हे सिद्ध करायला नकार दिला, आणि त्या भानगडीत १९८७ मध्ये देशाचं सरकार पडलं!

पेयो तर ब्रसेल्समध्ये जन्मलेला, दोन भाषांच्या शहरातला. १९७३ च्या एका स्मर्फ पुस्तकात त्याने हेच काढलंय. उत्तरेचे स्मर्फ आणि दक्षिणेचे स्मर्फ. बुचाच्या बाटलीचं बूच काढायच्या वस्तूला काय म्हणायचं यावरून भांडण. बोलीतला अर्धा शब्द इकडे की तिकडे एवढाच फरक. त्यावरून गावाच्या मधोमध रेघ मारतात. मोठा बाबा समजावून थकतो, शेवटी मांत्रिकाचं रूप घेऊन अंगावर जातो, म्हणजे तरी एक होतील. सगळे सारखेच निळे आहेत हे वाचणाऱ्याला दिसत असतं, त्यांना दिसत नसतं.

यावरून मला असं म्हणायचं आहे की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आणि पुढे महाजन आयोगाने जे

संपादक
घटप्रभा, प्रतिसाद इथे थांबवला आहे. माहिती उत्तम आहे, पण सीमाप्रश्नासाठी वेगळे सत्तावीस धागे उघडे आहेत. इथे फक्त सर्दीप्रश्न.

शहापूरकर
सर्दीप्रश्न! 😂 त्याला पण आयोग नेमा.

बरं, माझी गोष्ट घ्या. भाग पहिला.

टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट. गेट पडायला आलंय आणि उसाचा ट्रॅक्टर घाई करून घुसलाय. मागच्या ट्रॉलीचं चाक नेमकं रुळात अडकलं. ट्रॅक्टर घुं घुं करूलाय, चाक हलंना. गाडीची शिट्टी ऐकू आली. ड्रायव्हर उडी मारून पळाला. दोन्ही बाजूला पाचशे माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाइल, सगळे शूटिंग करूलेत.

सीनू शाळेतनं येऊलाय. ऊन पडलंय, नाक कोरडं. पाठीवर दप्तर तसंच, ट्रॉलीच्या खाली शिरला, उचलली आणि ठेवली पलीकडं. धडाधड गाडी गेली. गाडी जाईस्तोवर धूळ, धूळ बसली तेव्हा लोकांना काय दिसलं? ट्रॉली बाजूला सुखरूप, आणि ट्रॉलीजवळ एक पोरगं. त्याच्या हातात उसाचं एक कांडं.

एवढं उचलल्यावर भूक लागणारच की. एकच घेतलं होतं बिचाऱ्यानं.

“ऊस वडतंय बघा! चालत्या गाडीतला ऊस वडतंय! असल्यामुळंच होतात अपघात!” सीनूच्या पाठीत धपाटा.

दुसऱ्या दिवशी गेटजवळ दोन मोठे फ्लेक्स. एकावर ‘तत्परतेने अपघात टाळल्याबद्दल अभिनंदन’, खाली सोळा फोटो आणि ‘शुभेच्छुक’. दुसऱ्यावर तेच कन्नडात, खाली दुसरे सोळा फोटो आणि ‘शुभ कोरुववरु’. बत्तीस माणसांनी मिळून ट्रॉली उचलली. सीनू दोन्ही भाषा वाचू शकतो. दोन्हीकडं स्वतःचं नाव शोधतो. मग फ्लेक्सच्या खालीच बसून गृहपाठ करतो, कारण तिथं सावली चांगली आहे.

अनगोळची माई
सावलीचं वाचून घशात आवंढा आला हो. पण उसाचं खरं आहे. आमच्या धाकट्यानेही असाच मार खाल्ला होता. ट्रॅक्टरच्या मागे धावून ऊस ओढायचा म्हणजे ऑलिम्पिकच.

मांडे आणि कुंदा
खाण्याशिवाय बेळगावची गोष्ट? हे होणे नाही.

आमच्याकडे लग्नाला मांडे असतात. ज्यांनी करताना बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मऊसूत कणकेत साखरेचं सारण भरायचं, लाटायचं, आणि मग हातावर घेऊन, मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत झुलवत मोठा करायचा. एवढा पातळ की पलीकडचं दिसावं. मग उपड्या खापरावर टाकायचा, क्षणात उचलायचा आणि गरम असतानाच घडी घालायची. गार झाला की कागदासारखा कुरकुरीत. पंधरा-पंधरा वर्षं मांडे करणाऱ्या बायकांचासुद्धा एखादा फाटतो.

तर सीनूच्या मावशीचं लग्न. माणसं कमी पडली म्हणून सीनूला मांडे वाहून न्यायला बसवलं. ज्याने ट्रॉली उचलली त्याला मांडा उचलता येत नाही! पहिला चुरा. दुसरा चुरा. तिसरा तर नुसता बघितला तरी चुरा, कारण याने सोडलेला श्वासच एवढा. मावशी रडवेली, आजी ओरडते, आचारी कपाळ बडवतो. पोरगं इतकं कावरंबावरं झालंय की त्याला घाम फुटला, त्यावर वारा लागला आणि आली शिंक.

झाली सर्दी, गेली ताकद. आणि आता हात हलके झाल्यामुळे शंभर मांडे एकही न मोडता त्याने पंगतीत पोचवले. आयुष्यात पहिल्यांदा लोक म्हणाले, “काय गुणी पोरगा आहे हो!” कौतुक झालं ते नेमकं ताकद नसताना.

टिळकवाडीचा मामा
हे फार वरच्या दर्जाचं आहे. पेयोच्या बेनीचं पण असंच. दाराची मूठ धरली की हातात येते. त्याला जोर लावणं सोपं आहे, न लावणं अवघड. मांड्याने ते चार ओळींत दाखवलं.

(मांड्याचं चित्र कसं काढायचं यावर भाचा अडला आहे. पलीकडचं दिसतं म्हणजे काहीच काढायचं नाही का, असं विचारतो.)

निपाणीवाला
माझा भाग. संपादक, आधीच सांगतो, सीमाप्रश्न नाही. सीमेवरचा प्रश्न आहे.

दोन्ही बाजूंना काहीतरी बिनसलंय आणि कोगनोळी नाक्यावर बस अडवल्यात. इकडच्या तिकडे जाईनात, तिकडच्या इकडे येईनात. निपाणीहून कोल्हापूरला निघालेल्या बसमध्ये एक आजी आहेत. आज त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. सोबतीला नातू नाही, शेजारचा सीनू आलाय.

सीनू आधी खाली उतरून सगळ्यांना सांगतो. “मामा, आजींचं ऑपरेशन आहे.” इकडचा साहेब म्हणतो, तिकडं विचार. तिकडचा साहेब म्हणतो, इकडं विचार. चार फेऱ्या झाल्या. मग तो बसच्या मागे गेला, वाकला, आणि बस प्रवाशांसकट डोक्यावर घेतली. रस्ता बंद आहे ना? नदीला कोण बंद करणार! उतरला दूधगंगेत.

पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आणि गार! नदीच्या बरोब्बर मधोमध नाक हुळहुळलं.

आक्‌छी.

बस बसली पाण्यात. पुढची दोन चाकं महाराष्ट्रात, मागची कर्नाटकात. आता पंचनामा कोणी करायचा? कोणत्या भाषेत? दोन्ही काठांवर वह्या घेऊन माणसं उभी. कंडक्टर म्हणतो, माझं तिकीट नाक्यापर्यंतच होतं. मागच्या बाकावरची माणसं पुढे यायला लागली तर पुढचे म्हणतात, राज्य बदलताय, वेगळं तिकीट काढा. आणि सीनू बसच्या खाली, पाण्यात, शिंकतोय.

तेव्हा आजी खिडकीतून हात बाहेर काढतात. कनवटीला डबी. निपाणीची म्हातारी, तपकीर असणारच. चिमूटभर सीनूच्या नाकाशी. एकच शिंक अशी आली, अशी आली, की सगळी सर्दी एका फटक्यात बाहेर. नाक मोकळं. बस उचलली, काठावर ठेवली. शिंकेच्या वाऱ्याने दोन्ही काठांवरच्या वह्या उडाल्या, त्यामुळे पंचनामा झालाच नाही.

आजींचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा सीनू दिसला तर म्हणाल्या, “एवढासा आहेस होय रे? मला वाटलं मोठा असशील.”

खानापूरची बाई
गोष्ट झकास, पण तपकीर?! लहान मुलांच्या पुस्तकात तंबाखू? मी शिक्षिका आहे, मला हे चालणार नाही.

अनगोळची माई
ओव्याची पुरचुंडी घाला. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

निपाणीवाला
बाई, मान्य. पण निपाणीच्या आजीच्या कनवटीला ओवा दाखवला तर गावात तोंड दाखवता येणार नाही.

संपादक
ओवा. विषय संपला.

कडोलीकर
ओव्याच्या वासाने एवढी शिंक येणार नाही, पण संपादकांपुढे शहाणपण चालत नाही. एक सूचना. सीनू बोलतो कसा हे ठरवा. पुस्तकी ‘अहो काका, कृपया बाजूला व्हाल का’ नको. आपल्याकडच्या पोराने जसं म्हणावं तसं म्हणू दे. कन्नड माणूस भेटला तर ‘सरीर्री अण्णा’ म्हणू दे, आणि त्याच वाक्यात पुढे मराठी येऊ दे. आपली पोरं बोलतातच तशी. त्यासाठी तळटीप नको.

शहापूरकर
बरोबर. “अण्णा, स्वल्प सरका की, गाडी उचलूलोय.”

पुण्यात अडकलेला बेळगावकर
हे वाक्य वाचून मला सुट्टी टाकावीशी वाटते आहे.

टिळकवाडीचा मामा
मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय, उशीर झाला. बातमी आहे.

भाच्याने उसाच्या ट्रॉलीचा भाग काढला. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर, चार पानं. सीनूला मफलर आहे (माई, कानावर बांधलेला). बत्तीस फोटोवाला फ्लेक्स काढायला त्याला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक फोटोतला माणूस हात जोडलेला पाहिजे असा त्याचा हट्ट होता. वर्गात काढताना पकडला गेला. वही जप्त. घरी येऊन जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी वही परत दिली. ‘आक्छी’चा पाय मोडून दिला होता, लाल शाईने ‘आक्‌छी’. आणि चारही पानांची झेरॉक्स काढून वर्गाच्या फळ्याशेजारी लावली होती. पूर्ण वर्गाने मधल्या सुट्टीत वाचलं. मुख्याध्यापक बघायला आले, हसले, म्हणाले, कोणी काढलं हे?

शेजारच्या बाकावरच्या पोराने फक्त ट्रॅक्टरला लाल रंग दिला होता. पण रंग दिल्यावर त्याने कोपऱ्यात आपलं नाव टाकलं होतं, ठळक, रंगीत. आमच्या हिरोने नाव टाकलंच नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून कौतुक झालं ते त्या पोराचं. पेन्सिलीचा डबाही मिळाला.

मी ऐकून भडकलो. म्हटलं, उद्या शाळेत येतो, बोलतो. भाचा शांतपणे भात कालवत म्हणाला, “नको मामा. पण पुढच्या भागात त्याला पण घालूया. फ्लेक्सवर. तेहतिसावा.”

मांडे आणि कुंदा
😂😂 तेहतिसावा फोटो! पोरगं कुठल्या कुठे जाईल.

खानापूरची बाई
माझ्या वर्गातलं असतं तर मी नाव विचारलं असतं. असो. मांड्याचा भाग कधी देतोय?

टिळकवाडीचा मामा
थोडं थांबावं लागेल. परवा भिजत आला शाळेतून. नाक चोंदलंय, अंथरुणात आहे. पेन्सिल उचलवत नाही म्हणतो.

अनगोळची माई
ओवा शेकला का?